जटेखालचा कोंडा

पार्लरमध्ये बायका सुंदर दिसण्यासाठी येतात असं पुरुषांना वाटतं. खरं म्हणजे तासभर डोळे मिटून बसता यावं आणि त्या तासात कुणी "चहा टाक" म्हणू नये, एवढ्यासाठी त्या येतात. भुवया, फेशियल ही सगळी निमित्तं. बारामतीत भिगवण रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत मी उभं आयुष्य हा धंदा केला. आता मुलगी बघते आणि मी गल्ल्याशेजारी बसून तिच्या कामाला नावं ठेवते. तेव्हा एवढं बोलायचा अधिकार मला आहे.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "सौंदर्याविषयी काहीतरी प्रसन्न लिहा" असा निरोप धाडला होता. मी कोंड्याविषयी लिहिते आहे. प्रसन्न कितपत होईल ते बघू.

कोंडा सगळ्यांना असतो आणि कबूल कुणीच करत नाही. "माझा नाही हो, आमच्या ह्यांच्या उशीचा असेल," असं मला प्राध्यापक बाईंनी सांगितलेलं आहे. नवऱ्याच्या डोक्यावर एक केस नव्हता, तरी कोंडा त्याचाच. आपल्याकडे डोकं खाजलं की तेल ओतायची पद्धत आहे. टाळू कोरडी पडली म्हणून खपल्या सुटतात, तेल घातलं की भिजतील, असा हिशेब. कोंड्याला तेल फार आवडतं. पाहुण्याला श्रीखंड वाढावं तसं आपण त्याला तेल वाढतो आणि तो जात का नाही म्हणून चिडतो. मोकळ्या केसांतून निदान तो खांद्यावर गळून पडतो. पण केसांची जट असेल तर गळायला वाटच नसते. तो आत राहतो आणि संसार थाटतो.

जटेतल्या कोंड्यासाठी माझ्याकडे आलेलं पहिलं गिऱ्हाईक पुरुष होतं, आणि त्याच्या जटा विकत घेतलेल्या होत्या.

लासुर्ण्याच्या शोभाताई माझं जुनं गिऱ्हाईक. एकदा त्यांचा फोन आला, "ताई, आमच्या विकीला घेऊन येऊ का? दुपारची. बायका नसताना." विकी म्हणजे त्यांचा थोरला. ड्रोन उडवून उसावर औषध फवारायचा त्याचा स्वतःचा धंदा, अंगापिंडानं धिप्पाड, चांगला कमावता. पुण्यात जाऊन, दिवसभर खुर्चीत बसून त्यानं डोक्यावर जटा वळून घेतल्या होत्या. तो त्यांना ड्रेड्स म्हणायचा. त्याचे वडील काय म्हणायचे ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

विकी आत आला आणि त्याच्या पाठोपाठ वास आला. मठ्ठ्याचं भांडं धुवायचं राहिलं की येतो तसा.

"काय लावलंस रे?"

"दही," तो म्हणाला. "आन मेथीची पेस्ट. व्हिडिओत बघितलं. केमिकल नको म्हणलं, सगळं नॅचरल पायजे."

"कधी लावलंस?"

"झालं की आता आठवडा. धुतोय रोज, पन निघत न्हाय."

निघेल कसं? जट म्हणजे दोरखंड. त्यात दही गेलं की ते तिथेच नासतं, आणि भिजलेली मेथी चिकट होऊन आतच वाळते. आम्ही पार्लरमधल्या सगळ्याजणी नाकाला ओढणी लावून त्या दोरखंडातून मेथी काढत बसलो होतो. शोभाताई बाजूला बसून सांगत होत्या, "पोरगी बघायला गेलो की पोरगी ह्याच्या डोक्याकडं बघती. काळा शर्ट घातला की खांद्यावर पीठ. आन गावोगाव फवारायला गेला की म्हाताऱ्या बाया ह्याच्या पाया पडत्यात!"

"खरंच?"

"व्हय," विकी ओशाळून म्हणाला. "डोक्यावर जटा आन वर उडतं यंत्र. निरवांगीत तर एकीनं नारळ फोडला."

त्याच दुपारी मी जटेचा नियम ठरवला, तो सांगून टाकते. जे पाण्यासारखं वाहत नाही ते जटेत घालायचं नाही. दही, अंडं, मेथी, कोरफडीचा गर, जास्वंदीचा लगदा, सगळं बंद. शिकेकाई, रिठा आणि मूठभर कडुनिंबाचा पाला उकळायचा, जुन्या सुती कापडातून दोनदा गाळायचा आणि गार झाला की सॉसच्या चोचीच्या बाटलीत भरायचा. चोच दोन जटांच्या मधल्या टाळूवर टेकवून बाटली दाबायची. बोटांच्या पेरांनी चोळायचं, नखांनी नाही. मग भरपूर पाणी. शेवटच्या तांब्यात झाकणभर व्हिनेगर. नंतर पंच्यानं पिळून काढायचं आणि उन्हात बसायचं, जट आतपर्यंत वाळेस्तोवर. अर्धवट वाळलेली जट भिजल्या गोणपाटासारखी कुबट होते आणि मग कोंड्यापेक्षा तेच दुखणं मोठं. म्हणून हे काम दुपारी करायचं, संध्याकाळी नाही. आमच्या मागच्या दारी पायऱ्या आहेत, तिथे भरपूर ऊन येतं. विकी तिथे मोबाईल घेऊन बसायचा, डोक्यावर वाफ आणि तोंडात शेंगदाणे.

एवढं करून कोंडा कायमचा जातो का? नाही. कमी होतो, ताब्यात राहतो. कायमचा घालवतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, ही माझी फुकटची शिफारस.

याच सुमाराला चंपाआक्का आल्या.

निरवांगीच्या. वय झालेलं, हडकुळ्या, आणि डोक्यावर तीन जटा. दोन मनगटाएवढ्या जाड, कमरेपर्यंत आलेल्या, आणि डाव्या कानामागे एक बारकी. या कुठल्या दुकानातल्या नव्हत्या. आपल्या आपण आलेल्या, देवीच्या मानलेल्या, वर भंडाऱ्याचा पिवळा थर. दाराशी रिक्षा थांबली आणि आधी उतरले ते त्यांचे यजमान, तात्या. पांढरं धोतर, इस्त्रीची टोपी. त्यांनी रिक्षात हात देऊन बायकोला उतरवलं, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, "अवो, सांभाळून. पायरी हाय."

आमच्या कामावरच्या मुली बघतच राहिल्या. तात्यांच्या वयाचा माणूस बायकोला "अवो" म्हणतो आणि चपला घालतो, हे आमच्या भागात कुणी पाहिलं होतं? आत एक बाई चेहऱ्याला मुलतानी माती लावून आडवी होती. तिनं एक डोळा उघडून आक्कांच्या जटा बघितल्या आणि तशीच उठून पाया पडली. आक्कांनी सवयीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं डोकं खाजवलं.

मी जटा बाजूला करून पाहिलं. मुळाशी खपल्यांचे थर होते, काही ठिकाणी नखांनी रक्त काढलेलं. रात्र रात्र झोप नाही, म्हणाल्या. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी जटा काढा, लवकर बरं वाटेल असं सांगितलं. डॉक्टरांचं बरोबरच होतं. मीही तेच सांगितलं असतं. माझा देवीवर विश्वास आहे, जटेवर नाही. न विंचरलेल्या केसांत तेल, धूळ आणि घाम बसला की त्याची जट होते, मग ते केस कुणाचेही असोत. समजावून समजावून दोघीचौघींच्या जटा मी स्वतः कापल्या आहेत आणि त्यांना हलकं वाटलेलं पाहिलं आहे.

"आक्का, काढून टाकू या का?" मी विचारलं.

"न्हाय," आक्का म्हणाल्या. "कातर लावायची न्हाय. साबन, शांपूबी चालत न्हाय. झाडापाल्याचं काय आसंल तर कर."

म्हणजे विकीचीच अट. त्याला फॅशन म्हणून नॅचरल पाहिजे होतं, यांना देवीसाठी. मी म्हटलं, चला, काढा तरी एकच उकळावा लागेल.

तेलाचं विचारलं तर कळलं, दर मंगळवारी तात्या स्वतःच्या हातानं जटांवर तेल घालतात. वाटीभर, पार मुळापर्यंत, त्यावर भंडारा. कधी चुकवलं नाही. पाहुण्याला श्रीखंड इथेही चालू होतं, तेही इतक्या भक्तिभावानं की बोलायची पंचाईत.

"तात्या, मुळाला तेल बंद करायचं," मी सांगितलं.

तात्यांचा चेहरा उतरला. "पन मंगळवार हाय न्हवं? देवीचं हाय त्ये."

"शेंड्याला बोट लावा. देवीला शेंडा काय आणि मूळ काय, सारखंच."

"कोपनार न्हाय न्हवं?" त्यांनी हात जोडून विचारलं. मला विचारत होते की जटांना, कळलं नाही. मला गहिवरून आलं. संध्याकाळी घरी जाऊन मी आमच्या ह्यांना सांगितलं, जरा शिका त्या तात्यांकडून. ह्यांनी पेपरातून डोकं काढलं नाही.

दर पंधरवड्याला ते येऊ लागले. तात्या बाहेर खुर्चीवर पाण्याची बाटली धरून बसायचे. आमच्या मुली त्यांना न मागता चहा द्यायच्या. एका मुलीचं लग्न ठरलं तर ती म्हणाली, "असा नवरा मिळाला तर बास." मीही एकदा आक्कांना बोलून गेले, "भाग्यवान आहात हो, आक्का." आक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, लाजल्या.

पाच-सहा खेपांत खपल्या सुटू लागल्या. मी खूष होते. आणि एका दुपारी आक्कांची टाळू धुताना ती कानामागची बारकी जट माझ्या हातात आली.

पूर्ण आली नव्हती. खाजवून खाजवून तिथले केस मुळातून तुटले होते, इतके दिवस तेला-खपल्यांच्या गिलाव्यानं ती चिकटून होती. आम्ही गिलावा धुतला आणि आता ती चार केसांवर लोंबत होती. खरं सांगते, मला बरंच वाटलं. आपोआप गळालेल्या जटेला कुणी बोल लावत नाही. देवीनं सोडलं म्हणतात आणि माणूस मोकळं होतं. एक गेली की बाकीच्या दोन काढायला कितीसा वेळ?

"आक्का, चांगली बातमी आहे," मी म्हटलं. "एक सुटायला आली. देवीनं सोडलं."

आक्कांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

"आसल तशी बांद," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तात्यास्नी कळू द्यू नगं."

"अहो, पण का?"

"देवीनं सोडलं की ह्यो धरंल मला."

बाहेरच्या खुर्चीतले "तात्यास्नी" आत एकदम "ह्यो" झाले होते. आक्का खालच्या आवाजात, बेसिनकडे बघत बोलत होत्या. "जट येयाच्या आदी ह्या मानसानं मला जनावरावानी हाणलंय. भाकर करपली हान, पानी उशिरा दिलं हान. एकदा बाजंवर पडून हुते, म्हैनाभर उटले न्हाय, डोक्याला फणी लागली न्हाय. उटले तर जट झालेली. सासूनंच सांगितलं त्येला, आता हिच्या अंगाला हात लावलास तर घर बसंल. तवापास्नं बोट लावलं न्हाय. पयलं ताट मला, अवो-जावो मला. ह्यो काय माज्या पायात चपला घालतोय व्हय? तिच्या घालतोय."

मी हातात ती जट धरून उभी. "कोपनार न्हाय न्हवं" हा प्रश्न मला आता वेगळाच ऐकू यायला लागला. दर मंगळवारचं ते वाटीभर तेलही. माणूस इतकी वर्षं भीतीनं तेल ओतत होता आणि बाई त्या तेलापायी खाजवून रक्त काढत होती. तरी तिला ती खाज परवडत होती.

बाहेरून आवाज आला, "झालं का वो?"

"व्हतंय!" मी ओरडले. जटा काढायचं मला येत होतं. लावायचं कोण शिकवणार? दोऱ्यानं बांधावी तर मंगळवारी भंडारा वाहताना तात्यांच्या बोटाला गाठ लागणार.

त्या दुपारी विकीही धुवायला आला होता; मागच्या पायऱ्यांवर जटा वाळवत बसलेला तो कधी दारात येऊन उभा राहिला, कळलं नाही. त्यानं सगळं ऐकलं होतं. तोंडातले शेंगदाणे चावायचं थांबलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "क्रोशाची सुई हाय का? बारकी?"

होती. सासूबाई दारासाठी तोरणं विणायच्या, त्यांची. विकीनं हात धुतले, आक्कांच्या मागे उभा राहिला आणि जट मुळाशी धरली. शेजारचे नवे आलेले केस सुईच्या आकड्यात पकडून तो जटेच्या पोटातून ओढून घेऊ लागला. एकदा इकडून, एकदा तिकडून. "पुन्यात असंच करत्यात," तो पुटपुटला. "तुटली की रिपेअर. माजी दोनदा केलीय." ड्रोन चालवणारी त्याची बोटं एवढी नाजूक चालतील असं मला वाटलं नव्हतं. मी आक्कांचं डोकं धरून उभी होते आणि मनातल्या मनात देवीला म्हणत होते, बाई, आजच्या दिवस सोडू नकोस. जटा कापणारी मी, आणि माझी प्रार्थना ही.

आक्का आरशातून विकीच्या डोक्याकडे बघत होत्या. किती वेळानं त्यांनी विचारलं, "आन तुला रं बाबा? तुला कोन मारतंय?"

विकीचा हात थांबला. "कोन न्हाय, आक्का. मी आपली हौस म्हनून..."

"हौस!" आक्का म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. पदर तोंडात कोंबून, खांदे हलवून हसल्या. आधी मला भीती वाटली, मग मीही हसले. विकी बिचारा सुई हातात धरून लाल झाला.

जट बसली. मी ओढून पाहिली, हलली नाही. उन्हात वाळवली, शेंड्याला भंडारा लावला. तात्या आत आले, नेहमीसारखे वाकून जटांना नमस्कार केला आणि म्हणाले, "खाज कमी हाय न्हवं आता?"

"लई कमी हाय," आक्का म्हणाल्या.

तात्यांनी चपला पुढे केल्या, आक्कांनी पाय घातले. आमच्या मुली कौतुकानं बघत होत्या. त्यांना मी काही सांगितलं नाही. ज्या मुलीचं लग्न ठरलं होतं तिला मात्र एका बाजूला घेऊन म्हटलं, नवरा चपला घालतो का ते बघू नकोस, का घालतो ते बघ. ती म्हणाली, "काकू, तुमचं काहीतरीच."

पुढे आक्कांची टाळू इतकी स्वच्छ झाली की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. विकीचंही लग्न जमलं. पोरीला म्हणे त्या जटाच आवडल्या. फवारणीच्या हंगामात टोपी घालून घाम येतो, कोंडा परत येतो, मग तो परत काढा न्यायला येतो. जटांना हौस म्हणायचं मात्र त्यानं सोडलंय. कुणी विचारलं तर नुसतं "हायत" म्हणतो.

मग दोन-तीन खेपा आक्का आल्या नाहीत. एका दुपारी आल्या त्या एसटीनं, एकट्या. कपाळ मोकळं होतं. मी समजले. खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

"झोपंतच गेलं," त्या म्हणाल्या. "तेरावं झालं." डोळे कोरडे होते आणि आवाजही. पदर सावरून त्या आरशासमोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. "आता काप."

मी त्यांच्या जटा बाजूला करून टाळू बघितली. "आक्का, एक खपली नाही हो. छान झालंय सगळं. आता कशाला?"

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. आक्का आरशातून माझ्याकडे बघत राहिल्या. मी कातर काढली.

कापायला वेळ लागला. बारकी जट शेवटी कापली. विकीनं ओवलेले केस अजून तसेच घट्ट होते. खाली पांढरं, मऊ, बोटभर उरलं. आक्कांनी दोन्ही हात डोक्यावरून फिरवले आणि म्हणाल्या, "फणी दे."

"विंचरायला राहिलंय काय, आक्का?"

"आसू दे. दे."

मी कंगवा दिला. त्या एवढ्याशा केसांतून पुढून मागे, पुढून मागे, त्या सावकाश विंचरत बसल्या. मुलीनं चहा आणला तो निवून गेला, कुणी त्यांना हाक मारली नाही. माझे डोळे भरून आले म्हणून मी मागच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले.

जाताना त्यांनी जटा स्वच्छ फडक्यात बांधून पिशवीत घातल्या. नीरा नदीत सोडणार होत्या. मी दारापर्यंत गेले. विचारू नये ते विचारलंच, "गावात काय सांगाल, आक्का? लोक विचारतील."

आक्का पायरीवर वाकून आपल्या चपला आपण घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय सांगायचं त्यात? राखनीला आलती. शेत मोकळं झाल्यावर राखनदार माळ्यावर बसून ऱ्हातोय व्हय?"

पिशवी काखेत मारून त्या स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या. कंगवा त्यांच्या हातातच होता. मी मागितला नाही.